समुद्रावर न दुखणारी कंबर घरी का दुखते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बाबा ५६ वर्षांचे. आधी बरीच वर्षे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, होते, आता यांत्रिक नौकेवर खलाशी आहेत. डिसेंबरात दोरात हात सापडून तळवा फाटला, तेव्हा त्यांना तासभर पत्ताच नव्हता; घरी आल्यावर मात्र रात्रभर तळमळले. कंबर दहा वर्षांपासून धरते, पण "दर्यात गेलंय की काय एक दुखना नाय" असे ते म्हणतात. १ जूनला मासेमारी बंदी लागली, नौका शाकारून झाली, आणि तेव्हापासून कंबर, झोप, स्वभाव सगळेच बिघडले. मेडिकलमधून आणलेल्या ट्रॅमाडॉलच्या (अफूवर्गातले वेदनाशामक) गोळ्या दिवसाला दोनवरून पाचांवर गेल्या आहेत. पोट साफ होत नाही. चुलत भावाने 'एंडॉर्फिन वाढवणारी' पावडर सुचवली आहे. आणि तुम्ही विचारता की शरीर खरेच स्वतःची अफू तयार करते का, बाबांची ती कमी पडली आहे का, आणि वाढवता येते का.

मी भूलतज्ज्ञ आहे. सिंधुदुर्गात २३ वर्षे भूल देतो आहे आणि गेली काही वर्षे आठवड्यातून दोन दिवस फक्त दुखण्याची ओपीडी पाहतो. मच्छीमार, चिरेखाणीतले कामगार, आंबा-काजूच्या बागांतले गडी, वाकून वाकून भात लावणाऱ्या बायका, हेच माझे बहुतेक रुग्ण. तुमच्या बाबांसारखी हकीकत दर पावसाळ्यात माझ्यासमोर येते, म्हणून पहिले हे सांगतो की बाबा नाटक करत नाहीत. समुद्रावर कंबर दुखत नव्हती हेही खरे आणि घरी दुखते हेही खरे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. हो, शरीर अफूसारखे रेणू स्वतः बनवते; एंडॉर्फिन त्यांतलेच एक. आणि नाही, बाबांचा साठा संपलेला नाही, कारण टाकीत पाणी असावे तसा या रेणूंचा साठा नसतोच. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. 'वाढवणे' या शब्दामुळेच सगळी गफलत होते, आणि त्या गफलतीतून माणसे आधी पावडरीकडे आणि मग गोळ्यांकडे जातात.

हातापासून सुरुवात करू. काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास एक तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, आले होते. विंचच्या, म्हणजे जाळे ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरात उजव्या करंगळीचे टोक गेलेले. जखमेवर गमछा आवळून बांधलेला, आणि मनगटावर बांगड्याचे खवले अजून तसेच चिकटलेले, कारण बोट तुटल्यावरही त्यांनी जाळे पूर्ण वर घेतले होते. दुपारी तीनची गोष्ट. मी विचारले, इतका वेळ काढलात कसा? म्हणाले, "माका तेवा काय्येक कळूक नाय. घराक इलंय, जेवूक बसलंय, नि मगे कळ मारूक लागली." हाताची नस बधिर करण्यासाठी सुई लावली तेव्हा तेच तांडेल त्या बारीक सुईला लहान मुलासारखे कळवळले. दुपारी ज्यांना बोट तुटल्याचे समजले नाही, त्यांना रात्री सुई सोसवेना. माणूस तोच होता, नसाही त्याच होत्या.

दुखण्याचा निरोप बोटातून मज्जारज्जूत जातो आणि तिथून मेंदूत चढतो, एवढे आपण शाळेत शिकतो. शाळेत सांगत नाहीत ते असे, की मेंदू उलट दिशेनेही हुकूम पाठवतो. मध्यमेंदूत पाण्याच्या एका बारीक नळीभोवती राखाडी पेशींचा पट्टा आहे. तिथून निघालेला हुकूम मेंदूच्या खोडातून खाली मज्जारज्जूपर्यंत येतो आणि जिथे बोटाची नस पुढच्या पेशीला निरोप देते, नेमक्या त्या सांध्यावर काम करतो. तिथल्या छोट्या पेशी एन्केफालिन नावाचा रेणू सोडतात. नसेच्या टोकातून निरोपाचे रसायन कमी बाहेर पडते, पुढची पेशी मंदावते, आणि जखम तशीच असूनही निरोप वर पोचत नाही. या पट्ट्यात किती ताकद आहे हे १९६९ मध्ये दिसले. उंदरांच्या मेंदूत तिथे विजेची बारीक तार ठेवून पोटाची शस्त्रक्रिया केली गेली, भुलीच्या औषधाशिवाय.

मेंदू हा ब्रेक केव्हा दाबतो? जेव्हा दुखण्यापेक्षा दुसरे काहीतरी तातडीचे असते तेव्हा. जाळे भरले आहे, नौका कलते आहे, दोर सुटला तर शेजारच्याचा हात जाईल, अशा वेळी बोटाकडे पाहत बसणारा माणूस वाचत नाही. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवर हेच पाहिले. भयंकर जखमी सैनिकांतल्या बहुतेकांनी मॉर्फिन मागितलेच नाही. शुद्धीवर होते, बोलत होते, तरी नको म्हणाले. बीचरने त्याचे कारण जखमेच्या अर्थात शोधले: सैनिकाला त्या जखमेने लढाईतून बाहेर काढले होते. त्यामागची रसायने तेव्हा कोणालाच माहीत नव्हती. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले की संकटातल्या या बधिरपणात अफूसारख्या रेणूंचा मोठा वाटा असतो, आणि त्यांच्या जोडीला दुसरी रसायनेही असतात. तेव्हा सगळे श्रेय एकट्या एंडॉर्फिनला देऊ नका.

संकट टळले की ब्रेक सुटतो. एन्केफालिन कातरणारी विकरे (एन्झाइम) त्याच्या अवतीभवतीच असतात, म्हणून ते काही मिनिटांतच संपते. तांडेल जेवायला बसले, तोच उजवा हात ताटाकडे गेला, आणि निरोप वर पोचला. आता दुखणे कामाचे होते: हात वापरू नकोस, दवाखान्यात जा, हे तेच सांगत होते.

हे रेणू सापडले कसे, ते सांगितल्याशिवाय पुढचे पटणार नाही. अफूतून मॉर्फिन वेगळे झाले ते १८०५ च्या सुमारास, जर्मनीत, झेर्टुर्नर नावाच्या औषधविक्रेत्याच्या हातून. ते शरीरात नेमके कुठे बसते हे कळायला १९७३ उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये वेगवेगळ्या गटांनी मेंदूतल्या त्या खोबणी दाखवल्या. डॉक्टरी भाषेत त्यांना रिसेप्टर म्हणतात. मग साहजिक प्रश्न आला. अफूच्या बोंडातला रेणू माणसाच्या मेंदूत इतका चपखल बसतो, पण ती खोबण काही खसखशीच्या झाडासाठी घडलेली नसणार. मग तिथे बसणारे शरीराचे स्वतःचे काय आहे? १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ह्यूजेस आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून ते काढून दाखवले. फक्त पाच अमिनो आम्लांची साखळी, एन्केफालिन. पाठोपाठ ३१ अमिनो आम्लांचे बीटा-एंडॉर्फिन आले आणि १९७९ मध्ये डायनॉर्फिन. खोबणींचे मुख्य प्रकार तीन: म्यू, डेल्टा, कॅपा. मॉर्फिन आणि तुमच्या बाबांची गोळी मुख्यतः म्यूवर बसते.

माझ्या रोजच्या वापरातले एक औषध आहे, नॅलॉक्सोन. ते या खोबणीत बसते, पण काही करत नाही; फक्त दुसऱ्याला तिथून उठवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर एका आजींचा श्वास फार संथ झाला, मिनिटाला सहा. अफूवर्गातले औषध जास्त झाले होते. मी नॅलॉक्सोन दिले, आणि दोन मिनिटांत आजी डोळे उघडून ओरडू लागल्या. श्वास परत आला, पण पोटावरच्या टाक्यांची सगळी वेदना एकदम अंगावर आली. तेव्हापासून मी ते थेंबाथेंबाने देतो. आता याच्या उलट बाजू पाहा. तेच नॅलॉक्सोन एखाद्या धडधाकट, निवांत बसलेल्या माणसाला दिले तर बहुतेक वेळा त्याला काहीच जाणवत नाही. दुखणे सोसण्याची त्याची ताकदही फारशी बदलत नाही.

यावर जरा थांबा, कारण तुमच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. शरीराची अफू नळासारखी सतत वाहत असती, तर नॅलॉक्सोनने नळ बंद होताच निवांत माणसालाही दुखू लागले असते. तसे होत नाही. म्हणजे ही व्यवस्था एरवी बरीचशी शांत असते. हाक आली की जागी होते, जिथे हवी तिथेच काम करते आणि मिनिटांत आवरते. म्हणून ती वाढवण्याची वस्तू नाही. तिला हाक मारणारे प्रसंग असतात, आणि बाबांच्या आयुष्यातून जूनमध्ये तेच प्रसंग गेले.

कोणते प्रसंग? नुसते संकट नव्हे. रापणीचा विचार करा. होडीने जाळे अर्धगोल टाकून यायचे आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही दोरांना तीस-चाळीस माणसांनी एका लयीत मागे मागे सरकायचे. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या १२ वल्हेकऱ्यांवर एक छोटा प्रयोग झाला. तीच मेहनत, तेवढाच वेळ, एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका तालात. नंतर बीपीचा पट्टा दंडाला आवळून किती दाब सोसवतो ते पाहिले. एका तालात वल्हवल्यावर सोसण्याची ताकद जास्त वाढली होती. माणसे बारा, आणि मोजमापही आडवाटेचे, थेट एंडॉर्फिनचे नव्हे. त्यामुळे यावर इमारत उभी करू नका. पण शिमग्यात रात्रभर पालखी खांद्यावर नाचवणाऱ्याला खांदा दुसऱ्या दिवशीच कळतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मनसोक्त हसण्यानेही मेंदूत या खोबणींवर शरीराचे रेणू बसतात, हे मेंदूच्या पेट स्कॅनवर दिसले आहे.

माणसांच्या सहवासाशी या रेणूंचे नाते आणखी खोल आहे. आईपासून तोडलेली कुत्र्याची पिल्ले आणि कोंबडीची पिल्ले ज्या आवाजात ओरडतात, ते ओरडणे मॉर्फिनच्या अगदी थोड्या मात्रेने थांबते. याक पांकसेप यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते दाखवले. मात्रा इतकी थोडी की पिल्ले झोपतही नव्हती. एकटेपणाची कळ आणि बोटाची कळ मेंदूत एकमेकींच्या शेजारी राहतात, एवढे मी त्यावरून घेतो. बाबा दहा महिने सहा-सात माणसांबरोबर एका फळीवर झोपतात, एका भांड्यात जेवतात. जूनमध्ये ते एकदम पडवीत एकटे बसले. गमावलेल्या गोष्टींत तुम्ही हेही धरा.

धावण्या-चालण्याने एंडॉर्फिन येते आणि आनंद होतो, हे सगळीकडे ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. २००८ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी दोन तास धावलेल्या धावपटूंच्या मेंदूत अफूसारख्या रेणूंची हालचाल दाखवली. पण २०२१ मध्ये एका गटाने या खोबणी औषधाने आधीच अडवून लोकांना धावायला लावले, तरी धावण्याचा आनंद टिकला. म्हणजे आनंदाचे श्रेय बहुधा दुसऱ्या रेणूंना जाते, गांजासारख्या असलेल्या शरीराच्या स्वतःच्या रेणूंना. दुखण्यासाठी मात्र हालचाल उपयोगी पडते, हे माझ्या ओपीडीत रोज दिसते. कारण कोणत्या रेणूचे, यावर बाबांची कंबर अडून राहत नाही.

आता पोट, कारण तुम्ही ते ओझरते लिहिलेत आणि मला तेच सर्वात बोलके वाटले. अफूच्या या खोबणी मेंदूत आहेत तशा आतड्यांच्या भिंतीतही भरपूर आहेत. तिथे शरीराचे एन्केफालिन आतड्याची चाल आणि पाझरणारे पाणी आवरून धरते. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी आतड्यातल्या याच म्यू खोबणींवर बसते, आणि नेहमीच्या मात्रेत मेंदूत टिकत नाही म्हणून तिची नशा येत नाही. रेसकॅडोट्रिल नावाचे जुलाबाचे औषध आणखी वेगळे आहे. ते स्वतः खोबणीत बसत नाही. एन्केफालिनला कातरणारे विकर अडवते, म्हणजे आतड्याचेच एन्केफालिन जरा जास्त वेळ टिकते आणि पाणी कमी पाझरते. बाबा दिवसाला पाच गोळ्या घेतात तेव्हा कंबरेसाठी घेतलेले औषध आतड्यातल्या खोबणींवरही दिवसभर बसून राहते. पोट साफ होत नाही ते त्यामुळे. दुखण्यावरचा परिणाम सवयीने ओसरतो, पण बद्धकोष्ठ सहसा ओसरत नाही. केळी-पपईने ते सुटेल या आशेवर राहू नका.

हीच गोष्ट इतर अवयवांची. मेंदूच्या खोडात श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशींवर या खोबणी आहेत, म्हणून अफूवर्गातले औषध जास्त झाले की श्वास मंदावतो. खोकल्याची उबळ त्यांच्यामुळेच दबते. सिझेरियनच्या वेळी मणक्यात थोडे मॉर्फिन दिलेल्या बाळंतिणी काही तासांनी नाक चोळत बसतात. त्यांच्या नातेवाइकांना ॲलर्जी वाटते, पण बहुतेकदा ती म्यू खोबणीची खाज असते. पाळी आणि पुरुषत्व चालवणारी संप्रेरके मेंदूतून सोडण्यावरही शरीराच्या अफूचा लगाम असतो. बाहेरून महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन खाली जाते, उमेद जाते, अंगातली ताकद जाते. घरचे म्हणतात, वय झाले.

शरीराची अफू आणि दुकानातली अफू यांत फरक पडतो तो असा. शरीर मज्जारज्जूतल्या एका सांध्यावर काही मिनिटांसाठी थेंबभर सोडते. गोळी डोक्यापासून आतड्यापर्यंत प्रत्येक खोबणीत सहा-आठ तास बसते, गरज असो वा नसो. शरीर त्यावर उत्तर देते. खोबणी ढिल्या पडतात, काही पेशी त्या आत ओढून घेतात, आणि उलट बाजूने दुखणे वाढवणारी यंत्रणा जोर धरते. म्हणून दोनांच्या पाच होतात. आणि शरीराची स्वतःची हाकही मग त्याच ढिल्या खोबणींवर जाऊन पडते. बाबांना गोळीशिवाय आधीपेक्षा जास्त दुखते, यात त्यांच्या मनाचा कमकुवतपणा अजिबात नाही.

डायनॉर्फिनबद्दलही दोन शब्द, कारण 'आनंदाचे हार्मोन' म्हणणारे त्याला सोयीस्करपणे विसरतात. तेही शरीराची अफूच, पण ते कॅपा खोबणीवर बसते, आणि त्याने सुख येत नाही. येतो तो उबग, उदासी, कशातच मन न लागणे. लांबलेल्या ताणात आणि नशेचे औषध उतरताना ते वाढते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून शरीराची अफू सरसकट 'वाढवून' मागणाऱ्याने, कोणती, हे आधी विचारावे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मी बाबांना तपासलेले नाही. पायातली ताकद कमी झाली असेल, बसायच्या जागी बधिरपणा असेल, लघवी अडत असेल किंवा कळत नसेल, तर हे सगळे वाचणे सोडून आजच रुग्णालयात न्या. ताप आणि कंबरदुखी एकत्र, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यांचीही आधी तपासणी हवी. स्वभाव बिघडण्याला केवळ रसायनेच जबाबदार असतील असेही नाही. दोन महिने उत्पन्न बंद, हप्ता चालू, घरात चार तोंडे, ही चिंता गोळीइतकीच खरी आहे. बाबा बंदीत दारू घेतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला ते कळायला हवे होते. दारूही शरीराच्या याच रेणूंना हाक मारते, आणि दारू अधिक ट्रॅमाडॉल म्हणजे रात्री झोपेत श्वास थांबण्याचा धोका. झोपेच्या गोळ्यांचेही तेच.

ट्रॅमाडॉलची आणखी एक खोच. ही गोळी यकृतात गेल्यावर तिचे जे रूपांतर होते, ते मूळ गोळीपेक्षा म्यू खोबणीवर जास्त जोराने बसते. रूपांतर करणारे विकर माणसागणिक वेगळे. एकाला दोन गोळ्यांनी काही होत नाही, दुसरा त्याच दोन गोळ्यांनी गुंगतो. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेला डोस बाबांना लावू नका. शिवाय जास्त मात्रेत तिने झटके येऊ शकतात. एप्रिल २०१८ पासून ही गोळी अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते. ज्या दुकानातून ती सहज मिळते, तिथे बाबांचे भले पाहिले जात नाही, एवढेच म्हणतो.

पावडरीचे लवकर आटपतो. एन्केफालिन असो वा एंडॉर्फिन, या अमिनो आम्लांच्या साखळ्या आहेत; पोटात गेल्या की डाळीतल्या प्रथिनांसारख्या पचून जातात. समजा रक्तात पोचल्या, तरी रक्तातून मेंदूत जाण्याची वाट त्यांना जवळजवळ बंद असते. ते पैसे वाचवा.

एक गोष्ट मात्र इथे थांबून सांगायलाच हवी. माझे हे सगळे वाचून घरातल्या कर्करोगाच्या रुग्णाचे मॉर्फिन कोणी बंद करू नये. तिथे हिशेब वेगळा आहे. आपल्याकडे कितीतरी माणसे मॉर्फिनच्या भीतीने शेवटचे महिने विनाकारण तळमळत काढतात. २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा बदलला तो अशा रुग्णांना हे औषध सहज मिळावे म्हणूनच. योग्य डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते द्या, निर्धास्त द्या.

बाबांसाठी काय करायचे? गोळ्या एकदम तोडू नका. मुले रागाच्या भरात पाकिटे फेकून देतात, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक-डोळे वाहणे, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, जुलाब, हाडे फुटल्यासारखे अंग दुखणे, रात्रभर पाय झाडणे असे सगळे सुरू होते. घरच्यांना वाटते पावसाळी ताप आला. हे सगळे म्यू खोबणी एकदम रिकाम्या पडल्याचे लक्षण आहे: जे जे दाबून ठेवले होते ते उसळून वर येते, आतडेसुद्धा. आत्ताही सकाळी पहिली गोळी घेण्याआधी बाबांना जांभया आणि नाक वाहणे होते का, ते बघा. होत असेल तर त्यांचे सकाळचे 'अंग दुखणे' अर्धे कंबरेचे आणि अर्धे गोळी उतरल्याचे आहे. डॉक्टर काही आठवड्यांत पायरीपायरीने मात्रा उतरवतात, आणि लागली तर या त्रासावर वेगळी औषधेही देतात.

त्याच्या जोडीने शरीराला हाक मारणारे प्रसंग परत आणा. सुरुवात दहा मिनिटे चालण्याने करा, पुळणीवर किंवा पाखाडीवर, आणि शक्यतो दोन-तीन माणसांबरोबर. आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. जुनाट दुखण्यात पहिले दहा-पंधरा दिवस चालल्यावर दुखणे वाढू शकते. तेव्हा बाबा म्हणतील, बघ, मी सांगितले होते. त्या वेळी वेग कमी करा, पण चालणे सोडू नका. जाळी दुरुस्त करायला मंडळी बसत असतील तर त्यांना तिकडे पाठवा, मात्र अर्ध्या तासाने उठायची अट घालून. गावात भजन असेल तर टाळ धरू द्या. हे मी मन रमवण्यासाठी म्हणून सुचवत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर लिहावे इतक्या गंभीरपणे सुचवतो आहे.

आणि घरात बोलताना जपा. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून बिनऔषधाचे इंजेक्शन दिले. काहींचे दुखणे कमी झाले. मग त्यांना नॅलॉक्सोन दिले तर दुखणे परत वाढले. म्हणजे त्यांना बरे वाटले ते शरीराच्या अफूमुळे, आणि तिला हाक मारली होती ती उपचारावरच्या भरवशाने. त्यामुळे "तुमचं आपलं नेहमीचंच" हे वाक्य घरात चालणार नाही. "दुखतंय ना, आपण हळूहळू उतरवू" एवढे म्हणा, आणि ते खरे करून दाखवा.

वेळेचा हिशेबही आत्ताच करा. १ ऑगस्टला नौका पाण्यात जाईल. दिवसाला पाच गोळ्यांवर असलेला माणूस चार दिवसांच्या फेरीला गेला आणि पाकीट दुसऱ्या दिवशी संपले, तर जांभया आणि जुलाब भर समुद्रात सुरू होतील. गोळ्या पुरल्या तरी गुंगीत विंचजवळ उभे राहणे आहेच. म्हणून सुरुवात याच आठवड्यात करा. जवळच्या सरकारी रुग्णालयात जाताना रिकामी पाकिटे बरोबर न्या, त्यावरचे नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांना दाखवा, दिवसाला खरोखर किती घेतात ते बाबांनाच सांगू द्या. जुलै संपेपर्यंत मात्रा उतरली नसेल, तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांना बाबा येणार नाहीत, असे तांडेलांना आधीच जाऊन सांगा.